वर्गात टीव्ही आला, आता माझं काय काम?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहेत. वय ५४, नोकरीला २८ वर्षं झाली, निवृत्तीला चार उरली. सहावी-सातवीला गणित आणि मराठी शिकवतात. दोन वर्षांपूर्वी गावाने लोकवर्गणी काढून शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. सोबतचे तरुण सर सगळं त्यावरच शिकवतात, मुलं चिडीचूप बसतात आणि पालक सरांचं कौतुक करतात. बाई फळा-खडूच्या. मागच्या महिन्यात त्यांनी ‘माझे गाव’ हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला. तेवीस वह्यांपैकी अकरा वह्यांत ‘गावाच्या कुशीतून झुळझुळ वाहणारी नदी’ निघाली. गावाला नदी नाही, मार्चपासून टँकर लागतो. मुलांनी व्हॉट्सॲपमधल्या एआयला विचारून निबंध उतरवले होते. बाईंनी संतापाच्या भरात एका मुलीला भर वर्गात बोल लावले. नंतर कळलं की तिच्या घरी स्मार्टफोनच नाही. निबंध तिचाच होता आणि नदी तिच्या मामाच्या गावची होती. ती मुलगी आता वर्गात तोंड उघडत नाही. बाई विचारतात, ‘सगळं फोनमध्येच असेल तर शिक्षक कशाला? स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळी होऊ का?’

प्रिय बाई,

हल्ली सगळीकडे ‘मॅडम’ झालंय, पण मला मुलं तेहतीस वर्षं ‘बाई’च म्हणाली, म्हणून तुम्हालाही तेच म्हणते.

तुमचं पत्र चार पानी. त्यातली जवळजवळ साडेतीन पानं टीव्ही, फोन आणि सरांवर आहेत. त्या मुलीवर पाच ओळी आहेत, त्याही शेवटी, घाईघाईत, एका ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेल्या. मला वाटतं, तुम्ही पत्र लिहायला बसलात ते त्या पाच ओळींसाठी. तिथूनच सुरुवात करू.

बोललात भर वर्गात, तेव्हा माफीही भर वर्गातच मागा. बाजूला बोलावून, पाठीवरून हात फिरवून भागणार नाही. ‘मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, माझं चुकलं,’ एवढंच म्हणा. कारणं देऊ नका, ‘पण बाकीच्यांनी’ असं काही पुढे जोडू नका. हे मी अनुभवाने सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलाच्या वहीतलं अक्षर त्याचं नाही असं ठरवून मी त्याला उभं केलं होतं. अक्षर त्याचंच होतं, उजव्या हाताला लागलं म्हणून त्याने डाव्या हाताने लिहिलं होतं. माफी मागायचं माझ्याकडून राहून गेलं. पुढे त्याने शाळा बदलली. आता तो कुठे आहे मला माहीत नाही, पण ती वही अजून डोळ्यांसमोर येते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लिखाण यंत्राचं की मुलाचं, हे नुसतं वाचून खात्रीने सांगता येत नाही. ते ओळखून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत, तीही चुकतात आणि त्यांच्या भरवशावर मुलांना शिक्षा करणं धोक्याचं आहे. संशय आला तर वही घेऊन शेजारी बसा आणि विचारा, ‘ही नदी कुठली गं?’ तिने लगेच सांगितलं असतं, मामाच्या गावची.

आता त्या नदीबद्दल. ती एआयने आणली असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. ती नदी आपण आणली. मी, तुम्ही, आपल्या आधीच्या गुरुजींनी. गाईडमध्ये होती, ‘अपेक्षित’मध्ये होती, फळ्यावर लिहून दिलेल्या आदर्श निबंधात होती. डोलणारी हिरवीगार शेतं, आंब्याची गर्द राई, पहाटेचा कोंबडा. कोरडवाहू गावातल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ही राई वहीत उतरवली आणि आपण दहापैकी आठ गुण दिले. खरंच टँकरबद्दल लिहिणाऱ्या पोराला ‘भाषा सुधारावी’ असा शेरा दिला. यंत्र शिकलं ते असल्याच मजकुरावर, म्हणून ते आपल्याला आवडणारं मराठी लिहून देतं. मुलांनी पूर्वी गाईडमधून उतरवलं, आता फोनमधून उतरवतात. फरक पडला तो एवढाच, की पूर्वी निदान गाईड उघडून, वाचून निबंध निवडावा लागायचा.

म्हणजे चोरी जुनी आहे. पण म्हणून काही बिघडलं नाही, असंही मी म्हणणार नाही. बिघडलंय, आणि ते वेगळ्या जागी बिघडलंय.

तुम्ही गणित शिकवता, म्हणून गणितातलं उदाहरण घेते. फळ्यावर ४०२ वजा १७८ द्या. उत्तर २२४. एक मुलगा ३७६ लिहील. एक मुलगी २३४ लिहील. ॲपला दोघंही सारखीच, लाल फुली आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’. पण तुम्ही वही बघितलीत की चटकन कळेल. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, आठातून दोन, सातातून शून्य. त्याला हातचा म्हणजे काय हेच कळलेलं नाही. दुसरीला हातचा येतो. फक्त मधल्या शून्यात ती अडकली. शतक सुटं केल्यावर दहा दशक आले, त्यातला एक एककाला दिला की नऊ उरतात, हे ती विसरली आणि दहातूनच सात वजा केले. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन पार सुरुवातीपासून बसवावं लागेल. दुसरीला ‘शून्याकडे बघ जरा’ एवढं म्हटलं तरी पुरे. अठ्ठावीस वर्षांत तुम्ही असल्या किती चुका बघितल्या असतील! मुलाच्या चुकीवरून त्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखणं, ही तुमची कमाई आहे.

आणि मुलं जे फोनमधून उतरवतात त्यात नेमकं हेच नाहीसं होतं. चूक दिसत नाही. वही स्वच्छ येते, उत्तर बरोबर येतं, आणि मूल कुठे अडलंय ते कुणालाच कळत नाही. त्याला स्वतःलाही नाही.

तुर्कस्तानातल्या एका शाळेत नववी ते अकरावीच्या जवळजवळ हजार मुलांवर असाच एक प्रयोग झाला. गणिताच्या सरावाला काही मुलांना साधं चॅटजीपीटीसारखं एआय दिलं. काहींना असं दिलं जे उत्तर देत नाही, नुसतं पुढच्या पायरीचं बोट दाखवतं. बाकीच्यांना वही-पुस्तक. सरावात पहिल्या गटाचे गुण वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त, दुसऱ्याचे तर १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. पहिला गट वही-पुस्तकवाल्या मुलांच्या १७ टक्के मागे पडला. गंमत म्हणजे, आपण कमी शिकलो हे त्या मुलांना जाणवलंही नव्हतं. दुसऱ्या गटाचं नुकसान झालं नाही, पण तो वही-पुस्तकाच्या पुढेही गेला नाही. तुमच्या सरांना हे जरूर सांगा, फक्त टोमणा मारल्यासारखं नको.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही हे पत्र शिक्षण परिषदेत वाचून दाखवाल आणि मी उगाच यंत्रविरोधी ठरेन. दिल्लीत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या काही केंद्रांत माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर वापरून बघितलं गेलं. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं बहुतेक सहावी ते नववीतली, पण गणितात आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे, म्हणजे अगदी आपल्याकडे असतात तशीच. सॉफ्टवेअर आधी मूल खरोखर कुठे आहे ते शोधायचं आणि तिथली गणितं द्यायचं. सातवीतल्या मुलाला लागलं तर चौथीचं गणित. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हीत चांगली सुधारणा दिसली. दीड तासाच्या त्या सत्रात निम्माच वेळ संगणकावर होता, उरलेला निम्मा वेळ लहान गटात माणूस शिकवत होता, हेही विसरू नका. एकट्या बाईंना तेवीस मुलांच्या तेवीस पातळ्या रोज सांभाळणं कठीण. तिथे यंत्राचा हात जरूर घ्यावा.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचा गाजावाजा झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांवरचे ते काळे चौकोन तुम्ही रोज बघता. पण गोष्टीची सुरुवात कोडपासून झाली नव्हती. त्यांच्या शाळेतली बरीच मुलं घरी कन्नड बोलत आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेतलं. गुरुजींनी मुलांची भाषा शिकून घेतली, पुस्तकातला मजकूर त्यांच्या भाषेत आणला आणि मग कविता-धडे ऐकता-बघता यावेत म्हणून कोड लावले. मूल कुठे अडलंय ते आधी बघितलं, तंत्र नंतर आलं.

त्यामुळे ‘नवं का जुनं’ या भांडणात पडूच नका. तुमच्या वर्गातल्या प्रत्येक वस्तूला, टीव्हीलाही आणि खडूलाही, एकच विचारा, की यामुळे मुलाची चूक मला दिसते की झाकली जाते? तुमचा फळासुद्धा या परीक्षेत नापास होऊ शकतो. तुम्ही गणित फळ्यावर सोडवलंत, तेवीस जणांनी उतरवून घेतलं आणि तास संपला, तर फोनने काय वेगळं केलं?

तुम्ही लिहिलंय, ‘सरांच्या तासाला पिन पडली तरी ऐकू येते, माझ्या तासाला गलका असतो.’ बाई, शांततेवर इतका विश्वास ठेवू नका. बालचित्रवाणी आठवते ना? पुण्याहून निघायचे ते शाळेचे कार्यक्रम, ऐंशीच्या दशकात सुरू झाले, २०१७ मध्ये संस्थाच बंद झाली. आमच्या शाळेत तेव्हा एकच टीव्ही, मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुलूपबंद लाकडी खोक्यात. एकदा पाण्याच्या अवस्थांवरचा कार्यक्रम चौथीला दाखवला. मुलं चित्रासारखी बसली होती. मी खूष. संपल्यावर विचारलं, काय काय बघितलं? पहिल्याच बाकावरचा म्हणाला, ‘बाई, त्या बाईंची साडी लय भारी होती.’ वाफेचा कुणालाच पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी चुलीवर पातेलं ठेवलं, वर ताटली धरली, तेव्हा गलका झाला. तो गलका चांगला होता.

म्हणून सरांकडे भांडायला नाही, टीव्ही मागायला जा. आठवड्यातला एक तास दोघं मिळून घ्या. मी करून घ्यायचे ते सांगते. व्हिडिओ दोन मिनिटं चालवायचा आणि मध्येच थांबवायचा. ‘आता पुढे काय होईल?’ मुलांनी आधी वहीत लिहायचं, मग पुढचं बघायचं. किंवा आवाज बंद करायचा आणि एकेकाने आपल्या घरच्या बोलीत समालोचन करायचं. चित्रात काय चाललंय हे कळलं नसेल तर बोलता येणार नाही, आणि ते तुम्हाला लगेच ऐकू येईल. सरांना यंत्र कळतं, तुम्हाला चुका कळतात. त्यांना अजून तुमच्याइतक्या चुका बघायला मिळालेल्या नाहीत, त्यांचा त्यात काय दोष?

पहिला तास तर तुमच्या त्या अकरा निबंधांवरच घ्या. मुलांची नावं नकोत. सरांच्या फोनवर सगळ्यांसमोर एआयला तुमच्या गावावर निबंध लिहायला सांगा आणि तो टीव्हीवर लावा. मुलांना सांगा, यातलं खोटं काय ते शोधा. नदी खोडली जाईल, आंब्याची राई खोडली जाईल, ‘गावकरी गुण्यागोविंदाने नांदतात’ यावर तर बहुतेक वादच पेटेल. शेवटी जे काही उरेल त्यापुढे प्रत्येकाने एक खरं वाक्य लिहायचं. टँकर कधी येतो, पहिली घागर कुणाची लागते, भांडण कशावरून होतं. यंत्राला शब्द येतात, पण गाव माहीत नाही, हे मुलांना तुमच्या भाषणाशिवाय कळेल. (तुमच्या मुलांनी स्वतः एआय वापरायला अजून वेळ आहे. अशा बऱ्याच सेवांच्या नियमात किमान वय तेरा आहे आणि अठराच्या आत पालकांची संमती लागते. पालकसभेत हे सांगा, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.)

निबंध यापुढे घरी देऊ नका. पहिला खर्डा वर्गातच, पंधरा मिनिटांत, शुद्धलेखनाची भीती न घालता. विषयही असे द्या की गाईडमध्ये सापडणार नाहीत. आजीच्या हातावरचं गोंदण. कापूस वेचायला आई गेली त्या दिवशीचा स्वयंपाक. गुणांमध्ये खाडाखोडीलाही वाटा ठेवा, म्हणजे स्वच्छ वहीचा मोह आपोआप कमी होईल.

फोन घरी आहेच, तर त्याच्याकडून दुसरं काम करून घ्या. रात्री नऊला ग्रुपवर पडणारा गृहपाठ बंद करा. फोन बापाबरोबर शेतावर असतो, मूल वाट बघत झोपून जातं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा मुलाने धड्यातला एक मिनिटाचा उतारा मोठ्याने वाचून आवाज पाठवायचा. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी शाळेत, तुमच्या फोनवर, मधल्या सुट्टीत. तेवीस मिनिटांत तुम्हाला कळेल कोण जोडाक्षराला अडखळतो, कोण पूर्णविराम गिळतो, कोण न समजता भराभर वाचतो. जूनचं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि दिवाळीच्या आधी पालकांना दोन्ही ऐकवा. ‘बाई जुन्या पद्धतीच्या’ म्हणणाऱ्या पालकांनी आपल्या पोराचा जूनचा आणि ऑक्टोबरचा आवाज लागोपाठ ऐकला की ते सरांच्या टीव्हीचं नावही विसरतात. हे जरा खवचटपणे लिहिलं, असू द्या.

एक तक्रार तुमची शंभर टक्के खरी आहे, तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही. वर्गावर असताना ‘आत्ताच्या आत्ता लिंक भरा’, फोटो अपलोड करा, ही माहिती पोर्टलवर, ती माहिती ॲपवर. तंत्रज्ञानाने शिक्षकाचा वेळ वाचेल असं म्हणत म्हणत त्याने तो खाल्ला. तुम्हाला टीव्हीचा राग आलाय त्यातला निम्मा तरी या लिंकांचा आहे, असा माझा संशय आहे. राग योग्य आहे, पत्ता चुकलाय. केंद्रप्रमुखांना सगळ्या शिक्षकांच्या सह्यांनिशी निवेदन द्या, तासिकेच्या वेळात माहिती मागू नये म्हणून. लगेच काही होणार नाही, पण एकटीने मनात कुढण्यापेक्षा बरं.

राहिली स्वेच्छानिवृत्ती. तुमची वीस वर्षांची अर्हताकारी सेवा कधीच पूर्ण झाली, तीन महिन्यांची नोटीस दिली की जाता येईल. तुम्ही २००५ च्या आधी लागलेल्या, म्हणजे जुनी पेन्शन. तरी चार वर्षं आधी गेल्यावर पेन्शनीत, उपदानात (ग्रॅच्युइटीत) किती फरक पडेल ते कार्यालयातल्या लिपिकाकडून कागदावर मांडून घ्या, घरच्यांसोबत बसून बघा. गुडघे दुखतात म्हणून, नातवंडं सांभाळायची म्हणून, किंवा नुसतं पुरे झालं म्हणून जाणार असाल तर खुशाल जा, त्यात कमीपणा नाही. पण ‘सगळं फोनमध्येच आहे’ म्हणून जाऊ नका, कारण ४०२ वजा १७८ मधला तो शून्य फोनमध्ये नाही. अर्ज लिहून ठेवला असेल तर फाडू नका. कपाटात राहू द्या. वर्ष संपल्यावर पुन्हा वाचा.

आणि माफी मागून झाली की त्या मुलीला ‘मामाचे गाव’ लिहायला द्या. नदी असलेलं. लिहून झालं की मला पाठवा. लाल पेन लावू नका, आहे तसंच पाठवा.

तुमची,
बाई